एक हरवलेला चित्रपट आणि मॉर्फीनचे कोडे

एखादे पुस्तक हरवले तर त्याची दुसरी प्रत ग्रंथालयात मिळते. पण गावोगावच्या थिएटरांतून दाखवलेला, वर्तमानपत्रांतून गाजलेला एक अख्खा चित्रपट जगातून नाहीसा झाला आहे, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का?

असा एक चित्रपट होता. त्याचे नाव 'ह्यूमन रेकेज'. फुटलेल्या जहाजाचे जे अवशेष उरतात त्यांना इंग्रजीत 'रेकेज' म्हणतात. तेव्हा या नावाचा अर्थ 'माणसांचे भग्नावशेष' असा घ्यायचा. १९२३ साली अमेरिकेत निघालेला हा आठ रिळांचा मूकपट होता. मूकपटात पात्रांचे संवाद ऐकू येत नसत. ते मधूनमधून पडद्यावर अक्षरांत दाखवत आणि थिएटरात कोणी पियानोवर साथ करीत असे. मादक द्रव्यांच्या व्यसनाने माणसाचे काय होते, हे या चित्रपटात दाखवले होते. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या वेळची परीक्षणे, जाहिराती आणि काही स्थिरचित्रे यांवरूनच त्यात काय होते ते आपल्याला कळते.

मग नसलेल्या चित्रपटाबद्दल विज्ञानाच्या मासिकात लिहायचे कशाला? त्याला कारण आहे. या चित्रपटाने एक दावा केला होता. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रोगी आहे, हा तो दावा. १९२३ साली तो खरा की खोटा हे तपासण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. आज ते आहे. म्हणून आधी चित्रपटाची गोष्ट पाहू, आणि मग त्या दाव्याची तपासणी करू.

पडद्यावरचा धडधाकट नायक

वॉलेस रीड हा त्या काळातला अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय नट. त्याचा जन्म १८९१ चा. उंच, देखणा आणि हसतमुख. मोटारींच्या शर्यतींवरचे त्याचे चित्रपट तर प्रेक्षकांना फारच आवडत. उत्तम प्रकृतीचा तरुण म्हणजे कसा असावा, तर वॉलेस रीडसारखा, असे लोक म्हणत.

१९१९ साली 'द व्हॅली ऑफ द जायंट्स' या चित्रपटाचे काम चालू होते. उंचच उंच रेडवूड वृक्षांच्या जंगलात चित्रीकरण व्हायचे होते. तिकडे जाताना आगगाडीला अपघात झाला आणि रीडला बरीच दुखापत झाली. वेदना सोसवेनात, आणि काम तर थांबायला नको होते. म्हणून त्याला मॉर्फीन देण्यात आले. वेदना थांबल्या. चित्रपट पुरा झाला. पण मॉर्फीन सुटले नाही.

पुढची तीन वर्षे त्याचे चित्रपट एकामागून एक निघत राहिले. पडद्यावर तो हसत होता आणि पडद्यामागे खंगत होता. १९२२ च्या अखेरीस त्याला एका आरोग्यधामात ठेवावे लागले. १८ जानेवारी १९२३ रोजी तेथेच त्याचा मृत्यू झाला. वय फक्त ३१ वर्षे!

त्याची पत्नी डोरोथी डेव्हनपोर्ट स्वतः अभिनेत्री होती. नवऱ्याचे व्यसन झाकून ठेवणे हाच त्या काळचा रिवाज होता. तिने तो मोडला. आपल्या पतीला काय झाले होते ते तिने उघडपणे सांगितले आणि काही महिन्यांतच या विषयावर चित्रपट काढायचे ठरवले. निर्माता टॉमस इन्स याचे साहाय्य तिला मिळाले. कथा सी. गार्डनर सलिव्हन याने लिहिली आणि दिग्दर्शन जॉन ग्रिफिथ रे याने केले. चित्रपटात तिने भूमिकाही केली. जून १९२३ मध्ये, म्हणजे रीडच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांतच, चित्रपट पडद्यावर आला.

गोष्ट अशी होती. अॅलन नावाचा एक नामांकित वकील कामाच्या ओझ्याने थकून जातो. एक डॉक्टर त्याला मॉर्फीनची वाट दाखवतो. सुरुवातीला हुशारी वाटते, मग दर खेपेला मात्रा वाढत जाते आणि शेवटी वकिलाचे सारे आयुष्यच त्या सुईभोवती फिरू लागते. त्याची पत्नी त्याला त्यातून बाहेर काढण्यासाठी झगडते. वकिलाशेजारीच एक गरीब आई आहे, एक टॅक्सी चालवणारा तरुण आहे. त्यांनाही तेच व्यसन आहे. अखेरीस त्या तरुणाच्या टॅक्सीत मादक द्रव्यांच्या व्यापाराचा सूत्रधारच येऊन बसतो. त्याला ओळखताच तरुण टॅक्सी सरळ रेल्वेच्या इंजिनावर घालतो आणि दोघेही मरतात.

हा चित्रपट सर्वांनाच पसंत पडला असे नाही. ब्रिटनच्या चित्रपट परीक्षण मंडळाने १९२४ साली त्याला परवानगी नाकारली. अमेरिकेत मात्र तो गाजला. डोरोथी त्याच्याबरोबर गावोगाव फिरली आणि थिएटरांत प्रेक्षकांशी बोलली.

मग चित्रपट गेला कुठे?

चित्रपट हरवतो म्हणजे नेमके काय होते, हे समजायला फीत कशाची असे ते पाहावे लागेल.

त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसाच्या तंतूंत सेल्युलोज असते. त्यावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली की सेल्युलोज नायट्रेट मिळते. त्यात कापूर मिसळला की ते लवचीक होते. होय, तोच कापूर, जो आपण आरतीला जाळतो! या पारदर्शक फितीवर जिलेटिनचा पातळ थर देत आणि त्या थरात चांदीच्या संयुगांचे सूक्ष्म कण असत. प्रकाश आणि रसायने यांची क्रिया होऊन त्यांतून जी चांदी सुटते, तिच्याच काळ्या कणांनी चित्र बनते.

अशी फीत सुरेख चित्र दाखवते, पण तिच्यात दोन दोष आहेत. पहिला दोष आगीचा. याच द्रव्यात नायट्रेटचे प्रमाण अधिक वाढवले की 'गनकॉटन' नावाचे स्फोटक तयार होते. त्यावरून कल्पना करा! या फितीच्या रेणूंतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे ती एकदा पेटली की बाहेरच्या हवेवाचूनही जळत राहते. पाण्यात बुडवली तरी विझत नाही. १९३७ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका चित्रपट कंपनीच्या कोठारास आग लागून मूकपटांचा मोठा साठा नष्ट झाला.

दुसरा दोष अधिक कपटी आहे. फीत नुसती डब्यात पडून असली तरी तिचे रेणू हळूहळू फुटू लागतात आणि नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू सुटतो. हवेतल्या ओलाव्याशी त्याचा संयोग होऊन नायट्रिक आम्ल तयार होते. ते आम्ल फितीवर, जिलेटिनवर आणि चांदीच्या कणांवर हल्ला करते. त्यामुळे आणखी वायू सुटतो, आणखी आम्ल बनते आणि नाशाचा वेग वाढतच जातो. ज्या क्रियेत तयार होणारा पदार्थच त्या क्रियेचा वेग वाढवतो, तिला 'स्वयंउत्प्रेरण' म्हणतात. चित्र आधी फिकट होते, फीत पिवळी पडते, मग ती चिकट होते, वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटतात आणि शेवटी डब्यात उरते तपकिरी भुकटी. थंड आणि कोरड्या जागी हा नाश पुष्कळ मंदावतो, पण बंद पडत नाही.

यात माणसाचा हलगर्जीपणाही आलाच. १९२७ नंतर बोलपट आले. मूकपटांना कोण विचारतो? जुन्या फिती जागा अडवतात, आग लागण्याची भीती वेगळीच, आणि वितळवल्या तर चांदी मिळते! मग अनेकांनी त्या नष्ट करून टाकल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत निघालेल्या सुमारे ११,००० लांब मूकपटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण उरले होते फक्त १४ टक्के. सुमारे ७० टक्के तर पूर्णपणे नाहीसे झाले होते.

आपल्याकडची स्थिती याहून बरी नाही. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झाला. त्याचीही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर आपले बहुतेक मूकपट गेलेले होते. २००३ साली त्या संग्रहालयाच्या नायट्रेट फितींनाच आग लागली आणि जपून ठेवलेला जुना साठाही जळाला.

कधीकधी मात्र हरवलेली वस्तू अनपेक्षित जागी सापडते. रीड ज्या चित्रपटाच्या वेळी जखमी झाला तो 'द व्हॅली ऑफ द जायंट्स' हाही हरवलाच आहे असे मानत. त्याची एक प्रत रशियाच्या चित्रपट संग्रहालयात निघाली आणि २०१० साली रशियाने तिची नक्कल अमेरिकेला भेट दिली. म्हणजे ज्या चित्रपटापायी रीडच्या शरीरात मॉर्फीन शिरले तो आज पाहता येतो. त्या मॉर्फीनपासून सावध करणारा चित्रपट मात्र पाहता येत नाही.

चित्रपट गेला, पण त्याचा दावा उरला आहे. आता त्याची तपासणी करू.

कुलूप आधी, किल्ली नंतर

अफूच्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक येतो. तो वाळला की अफू होते. तिच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा मॉर्फीन असते. फ्रिडरिश झेर्ट्युर्नर नावाच्या एका तरुण जर्मन औषधविक्रेत्याने १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फीन वेगळे केले आणि ग्रीक पुराणातल्या स्वप्नांच्या देवावरून, मॉर्फियसवरून, त्याला नाव दिले. १८५० नंतर टोचण्याची सुई प्रचारात आली आणि हे औषध थेट शरीरात घालता येऊ लागले.

मॉर्फीनने वेदना थांबते हे सर्वांना ठाऊक होते. का थांबते, हे कोणालाच माहीत नव्हते. १९७३ साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतील चेतापेशींवर मॉर्फीन नेमके बसेल अशा जागा असल्याचे दाखवून दिले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील आणि स्वीडनमधील शास्त्रज्ञही याच निष्कर्षाला पोचले. या जागांना 'ग्राही' म्हणतात. ग्राही म्हणजे कुलूप समजा आणि मॉर्फीन म्हणजे त्यात बसणारी किल्ली.

पण यातूनच एक गमतीदार प्रश्न निघाला. शेतातल्या एका झाडाच्या चिकासाठी आपल्या मेंदूत कुलपे कशाला असावीत? कुलूप आहे त्या अर्थी त्याची मूळची किल्ली शरीरातच कुठेतरी असली पाहिजे! ती १९७५ साली सापडली. स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून अशी द्रव्ये वेगळी केली. अशा द्रव्यांच्या एका गटाला पुढे 'एंडॉर्फिन' नाव मिळाले. त्याचा अर्थच 'शरीरातले मॉर्फीन'.

कबड्डीच्या ऐन रंगात गुडघा सोलवटतो आणि सामना संपेपर्यंत तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो, असे होते ना? त्यामागे इतर कारणांबरोबर या द्रव्यांचाही हात असतो. चेतापेशीवरील ग्राहीवर ती बसली की वेदनेचा निरोप पुढे जाणे मंदावते. शरीर ती गरजेपुरती, थोडीशी आणि थोडाच वेळ वापरते. मॉर्फीन मात्र एकाच वेळी सगळीकडची कुलपे उघडते आणि ती बराच वेळ उघडी ठेवते.

मॉर्फीन आणखी एक काम करते. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य आहे. भुकेल्याला जेवण मिळाले, तहानलेल्याला पाणी मिळाले की ते सुटते आणि जणू सांगते, 'हे चांगले झाले, लक्षात ठेव, पुन्हा कर.' डोपामिन सोडणाऱ्या पेशींवर एरवी काही पेशींचा लगाम असतो. मॉर्फीन हा लगामच सैल करते. त्यामुळे खरोखरीचे काहीही चांगले घडलेले नसताना 'पुन्हा कर' हा निरोप जोराने उमटतो. जी आठवण अन्नापाण्यासाठी राखलेली, ती एका सुईसाठी कोरली जाते.

रस्सीखेच

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आपले शरीर समतोल राखू पाहते. मॉर्फीन रोज येऊन चेतापेशींना मंद करू लागले तर त्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या आपल्या आतील रासायनिक यंत्रणा उलट दिशेने जोरात चालवू लागतात. रस्सीखेचीचा खेळ डोळ्यांपुढे आणा. एका बाजूने मॉर्फीन ओढते, दुसऱ्या बाजूने पेशी ओढतात. पूर्वीइतकाच परिणाम हवा तर मॉर्फीनच्या बाजूला गडी वाढवावे लागतात, म्हणजे मात्रा वाढवावी लागते. याला 'सह्यता' म्हणतात. वकील अॅलनची मात्रा का वाढत गेली ते आता ध्यानात आले असेल.

आणि समजा, मॉर्फीनने एकदम रस्सी सोडून दिली तर? दुसरी बाजू धाडकन मागे कोसळेल. शरीरात नेमके हेच होते. म्हणूनच औषध बंद केल्यावर दिसणारी लक्षणे औषधाच्या परिणामांच्या बरोबर उलट असतात. मॉर्फीनने डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. ते बंद केले की मोठ्या होतात. मॉर्फीनने बद्धकोष्ठ होते. बंद केले की जुलाब लागतात. मॉर्फीनने गुंगी येते. बंद केले की रात्ररात्र झोप लागत नाही. मॉर्फीनने वेदना कमी होते. बंद केले की हाडन् हाड दुखते. नाडी जलद चालते, घाम फुटतो, अंगावर काटा उभा राहतो. 'गर्द' म्हणजे हलक्या प्रतीच्या हेरॉइनचे व्यसन लागलेले लोक या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. तिच्या भीतीनेच माणूस पुन्हा त्या द्रव्याकडे धावतो. आता तो सुखासाठी धावत नसतो, दुखणे टळावे म्हणून धावत असतो.

ही अवस्था साधारण आठवड्याभरात ओसरते. तेवढे सोसले की संपले, असे मात्र नाही. डोपामिनने कोरलेली आठवण फार दीर्घकाळ टिकते. जुनी गल्ली दिसली, जुना सोबती भेटला, नुसते मन उदास झाले तरी ओढ जागी होते. आणि येथेच एक मोठा धोका दडलेला आहे. मधल्या काळात शरीराची सह्यता गेलेली असते. मेंदूच्या देठाशी श्वासोच्छ्वास चालवणारे केंद्र आहे. त्यावरही हेच ग्राही असतात. व्यसन सोडलेल्या माणसाने पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर ते केंद्र मंदावते आणि श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो.

या बाबतीत विज्ञानाने स्वतःही ठेच खाल्ली आहे, हे विसरू नका. १८९८ साली एका जर्मन कंपनीने मॉर्फीनपासून बनवलेले एक नवे औषध खोकल्यासाठी बाजारात आणले. याचे व्यसन लागत नाही, असा तेव्हा समज होता. त्या औषधाचे नाव हेरॉइन! शरीरात गेल्यावर त्याचे पुन्हा मॉर्फीनच होते आणि ते मेंदूत अधिक लवकर शिरते, हे नंतर कळले.

गुन्हेगार की रोगी?

वॉलेस रीडचे काय चुकले, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. इतका बलदंड माणूस, त्याला मनाचा निग्रह नव्हता का? आता तुम्हीच उत्तर द्या. पेशींच्या आत झालेला बदल निग्रहाने एका दिवसात पालटतो का? मधुमेह झालेल्याने निग्रह केला म्हणून त्याच्या रक्तातली साखर उतरत नाही. त्याला उपचार लागतात. निग्रह लागतोच, पण तो उपचार चालू ठेवण्यासाठी.

रीडच्या काळात उपचारांची वाट जवळजवळ बंद होती. अमेरिकेत १९१४ साली हॅरिसन कायद्याने अफू आणि कोकेनपासून बनणाऱ्या द्रव्यांवर नियंत्रण आले. १९१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की व्यसनी माणसाला त्रास होऊ नये एवढ्यासाठी डॉक्टरने मॉर्फीन लिहून देणे हा वैद्यकीय उपचार नव्हे. त्यामुळे व्यसनी माणसाला हाताशी धरायला डॉक्टर कचरू लागले आणि तो चोरट्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. रीडचा अपघात झाला तोही याच वर्षी.

आज कुलूपकिल्लीच्या ज्ञानावरच उपचार उभे आहेत. बुप्रेनॉर्फीन ही अशी किल्ली, की जी कुलपात घट्ट बसते पण अर्धीच फिरते. त्यामुळे टर्की टळते, पण तशी नशा चढत नाही. मेथाडोन सावकाश आणि दीर्घकाळ काम करते. त्यामुळे शरीराचे दिवसभरातले चढउतार थांबतात. ही दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. नॅलॉक्सोन ही किल्ली कुलपात बसते, पण मुळीच फिरत नाही. उलट आधी बसलेल्या मॉर्फीनला ती हुसकावून लावते. श्वास थांबत आलेला माणूस तिच्यामुळे काही मिनिटांत शुद्धीवर येऊ शकतो.

औषधांइतकाच माणसांचा आधारही लागतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. शिक्षा किंवा अपमान यांऐवजी आपुलकी, समुपदेशन आणि एकमेकांची सोबत या मार्गाने तेथे काम चालते. आपल्या देशात मादक द्रव्यांचा व्यापार हा १९८५ च्या कायद्याप्रमाणे गंभीर गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात, अल्प प्रमाणात द्रव्य बाळगल्याबद्दल पकडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचारांना तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. डोरोथी डेव्हनपोर्टने १९२३ साली जो दावा केला, तो असा विज्ञानालाही आणि कायद्यालाही बराचसा पटलेला आहे.

म्हणून मॉर्फीनलाच खलनायक ठरवू नका. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर आजही ते मोठे वरदान आहे. योग्य रोग्याला, योग्य मात्रेत, योग्य काळ आणि डॉक्टरच्या नजरेखाली दिलेले मॉर्फीन हे औषधच होय. रीडच्या बाबतीत वेदना थांबवली गेली, पण नंतरची नजर राहिली नाही.

चित्रपटाने काय सांगितले, काय राहिले

'ह्यूमन रेकेज'ने काही गोष्टी अगदी बरोबर सांगितल्या. व्यसन गरीब-श्रीमंत पाहत नाही. ते कित्येकदा थकवा घालवण्यासाठी किंवा दुखणे थांबवण्यासाठी घेतलेल्या पहिल्या मात्रेतून सुरू होते. आणि त्याची झळ साऱ्या घराला लागते.

पण एक गोष्ट त्याने फार सोपी करून टाकली. व्यापाऱ्यांचा सूत्रधार मेला आणि प्रश्न सुटला, असे प्रत्यक्षात घडत नाही. शिवाय नुसती भीती दाखवल्याने माणूस व्यसनापासून दूर राहतो, हेही खरे नाही. व्यसनप्रतिबंधाच्या कार्यक्रमांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे, की केवळ भयंकर चित्रे दाखवण्याचा उपयोग फारसा होत नाही. नाही म्हणण्याचे धैर्य, मनातली अडचण कोणाशी तरी बोलण्याची सवय आणि घरी व शाळेत ऐकून घेणारी माणसे, यांचा उपयोग अधिक होतो. शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

तुम्हा मुलांपुढे पहिली मात्रा बहुधा कोणी काळा कोट घातलेला दुष्ट माणूस आणून ठेवणार नाही. ओळखीचा एखादा सोबतीच म्हणेल, 'एकदाच घेऊन पाहा, काही होत नाही.' तेव्हा रस्सीखेच आठवा. पहिल्या दिवशी रस्सी तुमच्या हातात असते. आणि तुमच्या ओळखीचे कोणी आधीच अडकलेले असेल तर त्याला टोमणे मारू नका, लपवूनही ठेवू नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे न्या. १४४४६ या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर व्यसनमुक्तीसाठी विनामूल्य सल्ला मिळतो.

'ह्यूमन रेकेज'ची रिळे कदाचित एखाद्या दिवशी कुठल्या तळघरात सापडतीलही. सापडली तर ती पाहायला सर्वांनाच आवडेल. पण त्यांनी सांगितलेले ऐकायला तोवर थांबण्याची गरज नाही.

वर्गात चर्चा करा

१. मॉर्फीनचे परिणाम आणि ते बंद केल्यावरची लक्षणे यांचा दोन रकान्यांत तक्ता करा. ती एकमेकांच्या उलट का आहेत, ते आपल्या शब्दांत सांगा.

२. नॅलॉक्सोन आणि बुप्रेनॉर्फीन या दोन 'किल्ल्यां'त फरक कोणता? दोन्हींचे उपयोग वेगळे का?

३. स्वयंउत्प्रेरणाने फीत अधिकाधिक वेगाने कुजते. हा नाश लांबवण्यासाठी संग्रहालयात कोणकोणत्या गोष्टी कराव्या लागतील?

४. तुमच्या घरी छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह असतील तर मोठ्यांच्या परवानगीने पाहा. नायट्रेटनंतर आलेल्या अॅसिटेट फिती कुजू लागल्या की त्यांना शिरक्यासारखा आंबूस वास येतो. तुमच्या निगेटिव्हना तसा वास येतो का? येत असेल तर त्या कशा वाचवाल?